मेस्त्रींच्या खिशातली बॅटरी

गेल्या वर्षी, दसऱ्याच्या सुट्टीनंतर आमचं केंद्र उघडलं त्या दिवशी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, आमच्या मेस्त्रींना भरल्या हॉलमध्ये चोर म्हणण्यात आलं.

वेळेबद्दल वाद नको. समोर भिंतीवर घड्याळ होतं. त्या घड्याळाची लाकडी चौकट मेस्त्रींच्या देखरेखीखाली आमच्याच तुकडीनं केली होती आणि तिच्या एकाही कोपऱ्यात नख शिरत नाही. ज्यांनी चोर म्हटलं त्यांच्या केबिनमधल्या सत्काराच्या फोटोंच्या चौकटी एकदा जाऊन बघा. कोपऱ्यांत झुरळांचा संसार आहे.

मेस्त्रींचं नाव मी लिहिणार नाही. हे लिहिते आहे असं त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "नाव घालू नको. लोक नावावरनं आदी आडनाव हुडकत्यात, आन मग वाचायचं का न्हाय ते ठरवत्यात." चोर म्हणणाऱ्या आमच्या चेअरमनचंही नाव लिहीत नाही. ते पेठेतल्या प्रत्येक फ्लेक्सवर आहे, इथं आणखी कशाला?

केंद्र म्हणजे सुतारकामाचं प्रशिक्षण केंद्र. शिवाजी पेठेत एका तालमीच्या मागच्या बोळात. सहा महिन्यांचा कोर्स, शेवटी सर्टिफिकेट. मी तिथं गेले तेव्हा दोन वर्षं मोर्चे आणि पत्रकं करून झाली होती. घरचे म्हणाले, घोषणांनी भाकरी भाजत नाही, हातात काहीतरी धर. मी करवत धरली.

करवत म्हणजे केंद्राचा अभिमान असलेली मायटर सॉ. लाकडाची पट्टी पाहिजे त्या कोनात कापणारं यंत्र. पाट्यावर पट्टी ठेवायची, मागच्या टेक्याला घट्ट लावायची, शिकंज्यात आवळायची आणि वरची मुंडी पात्यासकट खाली आणायची. चौकटीचा कोपरा जुळवायचा तर पंचेचाळीस अंश, बाकी सरळ. पात्यावर एक गार्ड असतं, म्हणजे झाकण. मुंडी खाली आली की ते आपोआप वर सरकतं, मुंडी वर गेली की पातं झाकतं. आमची करवत बॅटरीवर चालणारी होती. वायर नाही, प्लग नाही. उद्घाटनाच्या फोटोत चेअरमन तिच्याशेजारी असे उभे आहेत, जणू घोडा विकत घेतलाय.

त्या घोड्याला चाबूकस्वार म्हणून मेस्त्रींना बोलावलं.

त्यांच्या मुलाखतीला आम्ही कुणी नव्हतो, पण केंद्राचा क्लार्क ती नकलेसकट सांगायचा. चेअरमननी विचारलं, "सर्टिफिकेट काय हाय तुमच्याकडं?" मेस्त्रींनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. मग उलटे केले. मग पुन्हा पालथे.

"हे काय?"

"धा हाईत. मोजून घ्या. चाळीस वर्सं करवतीवर काढल्यात."

चेअरमनना हा उद्धटपणा वाटला. पण सर्टिफिकेटवाले दोघं येऊन बघून गेले होते, आणि त्यांतल्या एकानं तर चहा घेताना कप तीनच बोटांत धरला होता. मेस्त्रींना ठेवून घेतलं. हंगामी म्हणून. हंगाम दोन वर्षं चालला.

ते शिरोळकडून रोज एसटीनं यायचे. पुराच्या एका साली त्यांची स्वतःची वर्कशॉप कृष्णेत गेली. रंधे, पटाश्या, फळ्या, सगळं. एक गुण्या तेवढा वाचला. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार. लाकडी दांडा, पोलादी पट्टी. घर सोडताना लोकांनी दागिने, कागदपत्रं घेतली, मेस्त्रींनी गुण्या बनियनमध्ये गुंडाळून पोटाशी धरला. "बायकू म्हनाली, रेशन कार्ड ऱ्हायलं. म्हनलं, कार्डावरचं नाव सरकार परत लिवंल. काटकोन कोन परत देनार?"

आता त्यांच्या शिकवण्याची तऱ्हा ऐका. पहिले सहा दिवस आमच्या हाताला पातं लागू दिलं नाही. चौदा जणांची तुकडी, त्यात आम्ही दोघी मुली, आणि सहा दिवस आम्ही काय केलं? बॅटरी काढली. बॅटरी घातली. बॅटरी काढली. पाटा पुसला. मशीन ओट्याला बोल्टानं आवळलंय का ते हलवून बघितलं. पात्याचा नट उलट्या आट्याचा असतो हे स्वतःच्या मनगटाला पटवलं. पुन्हा बॅटरी काढली.

"मेस्त्री, कापायचं कवा?" पोरं कुरकुरली.

"कापतंय मशीन. तुमाला कापायला शिकायचं न्हाय, न कापून घ्यायला शिकायचंय."

सातव्या दिवशी मी पत्रक काढलं. जित्याची खोड. आमच्या संघटनेत शिकवलं होतं: पहिल्या ओळीत अन्याय कुणावर झाला आणि कधी, शेवटच्या ओळीत वाचणाऱ्यानं काय करायचं. मी लिहिलं: ‘गेले सहा दिवस चौदा प्रशिक्षणार्थींना त्यांच्या हक्काच्या मशीनपासून वंचित ठेवण्यात आले आहे. मेस्त्रीशाही चालणार नाही! आजच बॅटरीचा ताबा घ्या!’ दारावर चिकटवलं.

मेस्त्री आले. पत्रकापुढं उभे राहिले. वाचता वाचता बनियनच्या घडीतून गुण्या काढला आणि माझ्या कागदाच्या कोपऱ्याला लावला.

"कुनी लिवलंय?"

"मी लिवलोय," मी म्हणाले. आमच्याकडं मुलीही असंच बोलतात.

"भाषा झ्याक हाय. कागूद वाकडा फाडलाईस. ताबा घ्यायचा म्हन्तीस, मग घे की." त्यांनी बॅटरी माझ्या हातात दिली. "पन आदी मला सांग, मशीन आता चालू हाय का बंद?"

मी मशीनकडं बघितलं. गप्प होतं. "बंद."

"चूक. वायरचं मशीन झोपलं की पिलग भाईर पडलेला दिसतोय. ह्ये डोळं उघडं ठिवून झोपतंय. हाय का न्हाय, बगून कळत न्हाय. म्हनून बॅटरी कुटं हाय त्येवडंच इचारायचं. ती तुझ्या हातात हाय, म्हंजे मशीन मेलंय. आता त्येच्या तोंडात खुशाल हात घाल."

मी घातला. तो माझा पहिला धडा. पत्रक संध्याकाळपर्यंत दारावर राहिलं, ते काढायला त्यांनी सांगितलं नाही. फक्त जाताना त्याचा वाकडा काठ पट्टी लावून ब्लेडनं सरळ कापून गेले.

तेव्हापासून केंद्रातल्या प्रत्येक कामाआधी प्रश्न एकच: बॅटरी कुठाय? उत्तरही एकच: मेस्त्रींच्या खिशात. कोन बदलायचा, पातं बदलायचं, भुसा झाडायचा, टेका सरकवायचा, आधी बॅटरी निघून मेस्त्रींच्या पॅन्टच्या डाव्या खिशात जायची. ती चांगली वजनदार होती. ती खिशात असली की मेस्त्री डावीकडं कलायचे. पुढंपुढं आम्ही मशीनकडं बघणंच सोडलं. मेस्त्री सरळ चालतायत म्हणजे मशीन जिवंत. कललेत म्हणजे बिनधास्त. हॉलच्या टोकावरूनही कळायचं. कुठल्याही कंपनीनं असा दिवा अजून बसवलेला नाही.

संध्याकाळी बॅटरी ते कपाटात ठेवून कुलूप लावायचे. कपाटाची दुसरी किल्ली ऑफिसात असायची. हे लक्षात ठेवा.

पातं थांबेपर्यंत मुंडी उचलायची नाही, हा दुसरा कायदा. बटण सोडलं तरी पातं काही क्षण फिरत राहतं, आणि नेमकं तेव्हाच माणूस उतावळा होतो. त्यावर मेस्त्रींचं औषध एसटीचं. बटण सोडलं की मोठ्यानं म्हणायचं: "हातकणंगलं! जैसिंगपूर! शिरोळ!" शिरोळ येईपर्यंत मुंडी खालीच. मग मेस्त्री कंडक्टरच्या थाटात म्हणायचे, "उतरा." बोळातून जाणाऱ्या लोकांना वाटायचं, आत वडापच्या जीपवाल्यांचं ट्रेनिंग चाललंय.

तिसरा कायदा लाल रेषेचा. पात्याच्या दोन्ही अंगाला एकेक वीत मोजून त्यांनी पाट्यावर लाल रंगानं रेघ ओढली होती. त्या रेघांच्या आत हात न्यायचा नाही. लांडी पट्टी असली तर शिकंजा वापरायचा, पण बोट नाही. एकदा एका पोरानं विचारलं, "मेस्त्री, एवढं लांबनं धरायचं?"

"ह्ये गावकूस हाय," मेस्त्री म्हणाले. "आमी पिढ्यान् पिढ्या भाईर ऱ्हायलो, काय फायदा झाला न्हाय. हितं हाय फायदा. तुमीबी जरा भाईर ऱ्हाऊन बघा."

पोरगं हसलं. मग हसावं की नाही हे न कळून थांबलं. मेस्त्री पट्टीवर पेन्सिलची खूण करत होते, त्यांनी वर बघितलंच नाही.

आणि गुण्या. रोज सकाळी, बॅटरी खिशात, मुंडी खाली, आणि गुण्या टेक्याला आणि पात्याला लावून काटकोन तपासायचा. "दाताला लावू नको. पात्याच्या पोटाला लाव. दात फुगीर असत्यात, खोटं बोलत्यात." मशीनवर कोनाचे आकडे छापलेले असतात, काटा शून्यावर असतो, मग तपासायचं कशाला? "आकडा म्हंजे जाहीरनामा," मेस्त्री म्हणायचे. "गुण्या म्हंजे मतमोजणी." गुण्यानं फरक दाखवला की टेक्याचे बोल्ट ढिले करायचे, टेका गुण्याला टेकवायचा, पुन्हा आवळायचे, आणि मग काट्याला शून्यावर आणायचं. आधी खरं, मग आकडा. आपल्याकडं सगळीकडं उलटं चालतं म्हणून हे मला विशेष आवडलं.

त्यावरही शेवटची परीक्षा असायची. एक पट्टी मधोमध कापायची. दोन तुकड्यांतला एक पालथा करायचा आणि कापलेली तोंडं पुन्हा जुळवायची. काटकोन खरा असेल तर पट्टी सरळ राहते. केसभर चूक असेल तर पट्टी वाकते, आणि चूक दुप्पट होऊन दिसते. "सरळ बगितल्यावर चूक दडतीया," ते म्हणायचे. "पालथं करून जोडलं की दुप्पट हून भाईर येतीया."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. पुढं ते मलाच लागू होणार हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

आता त्या दिवसाकडं येते.

मेस्त्री दरवर्षी दसऱ्याला नागपूरला जात, दीक्षाभूमीवर. त्यांचे वडील गेले होते, मग हे. रीतसर रजेचा अर्ज द्यायचे. म्हणजे खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेच्या दिवशी, ते केंद्रात नसत. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. पोरं हत्यारं पुसायची, हळदकुंकू वाहायची, झेंडूची फुलं घालायची, पेढे खायची आणि घरी जायची.

गेल्या वर्षी चेअरमननी पूजा मोठी करायची ठरवली. मायटर सॉ ओट्यावरून सोडवली. ओट्याला आवळलेले बोल्ट काढून स्टेजवरच्या टेबलावर, मखमली कापडावर ठेवली. पण पात्याला हळदकुंकू लावायचं तर गार्ड आडवं येतं. उत्साही कार्यकर्त्यांनी काय केलं? गार्ड वर ओढलं आणि पूजेच्या लाल नाड्यानं मुंडीला करकचून बांधून टाकलं. पातं उघडं, त्याला हळद, कुंकू, वर हार. आणि पूजेचा दोरा तो, एकदा बांधला की सोडायची कुणाची छाती? दसरा उलटला, तरी दोरा तसाच. देवाचं वस्त्र झालं ते.

मी तिथं होते. मी पेढा खाल्ला. गार्ड बांधलंय हे मला दिसत होतं.

सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी मुंबईहून एक मोठे पाहुणे येणार होते. केंद्राच्या नव्या विभागाचं उद्घाटन होतं. चेअरमनना कल्पना सुचली: फीत कशाला कापायची? सुतारकामाचं केंद्र, तर पट्टी कापायची! पूजा केलेल्या मशीनवर, स्वतःच्या हातानं, पाहुण्यांच्या साक्षीनं. ऑफिसातल्या किल्लीनं कपाट उघडून बॅटरी रात्रभर चार्ज करून ठेवली होती. सकाळी ती मशीनला लावली.

पावणेअकराला सगळे पाहुण्यांच्या स्वागताला दारात. बँड-ताशा वाजत होता. स्टेजवर कुणी नव्हतं. तेवढ्यात मेस्त्री आले, नागपूरच्या गाडीतून उतरून थेट, खांद्याला पिशवी. मशीन बघितलं. मखमल बघितली. गार्डचा दोरा बघितला. पिशवी खाली ठेवून स्टेजवर चढले. पेन्सिलला टोक करायचा चाकू काढून दोऱ्याला लावला, तोच चेअरमन पाहुण्यांना घेऊन आत शिरले.

"ए, ए! काय करतायसा? पूजेचा दोरा हाय तो!"

"साहेब, गार्ड बांदलंय. पातं उघडं हाय."

"उतरा खाली. आत्ता न्हाय. पाव्हण्यांसमोर न्हाय." चेअरमननी दात न उघडता सांगितलं. मग कार्यकर्त्यांकडं बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "तुमच्यात नसंल पूजा, आमच्यात असती."

मेस्त्रींनी चाकू मिटला. "बोटं सगळ्यांच्यात धाच असत्यात, साहेब," एवढं म्हणाले आणि पायऱ्या उतरून खाली आले. भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

डावीकडं कलून.

दोरा ही दुसरी पायरी. पहिली नेहमी बॅटरी. हे हॉलमध्ये आम्हा चौदा जणांशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि चौदाही जणांनी एकमेकांकडं बघून माना खाली घातल्या.

पुढचं दृश्य मी पूर्ण सांगणार आहे, कारण फोटोत ते वेगळं दिसतं. चेअरमनचा कडक इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा झब्बा, मनगटात सोन्याचं कडं, गळ्यात पाऊण मीटरचा हार, पात्यावर लोंबणारा. डोळ्यांवर चष्मा नाही, कारण फोटोत चेहरा दिसत नाही. शिकंजा काढलेला, कारण तो ‘बरा दिसत नव्हता’. मग पट्टी धरणार कोण? पाहुणे! पाहुण्यांनी हौसेनं दोन्ही हातांनी पट्टी धरली, आणि त्यांचा उजवा अंगठा लाल रेषेच्या आत, पात्यापासून दोन बोटांवर. त्या अंगठ्यात पुष्कराजाची अंगठी होती. ग्रह पाठीशी होते. डोकं नव्हतं.

"एक, दोन, तीन!" फोटोग्राफर म्हणाला.

चेअरमननी बटण दाबलं.

काही झालं नाही. पण लोक सवयीनं टाळ्या वाजवू लागले. बँडवाल्यानं झांज मारली. चेअरमननी पुन्हा दाबलं. मशीन गप्प. पाहुणे हसू धरून उभे, अंगठा तिथंच. तिसऱ्यांदा दाबलं. टाळ्या एकेक करून थांबल्या. हॉलमध्ये नुसतं बटणाचं टक् टक् ऐकू येऊ लागलं.

शेवटी एका कार्यकर्त्यानं प्रसंग ओळखला. पट्टी ओढून घेतली, गुडघ्यावर ठेवून काडकन मोडली आणि दोन तुकडे दोघांच्या हातात दिले. फोटो निघाला. आजही केबिनमध्ये लावलाय. त्यात चेअरमन आणि पाहुणे नुकत्याच कापलेल्या पट्टीचे तुकडे उंचावून हसतायत. जवळ जाऊन बघा, तुकड्यांची टोकं मोडलेल्या उसासारखी आहेत.

मग मशीन तपासलं गेलं. बॅटरीची जागा रिकामी.

"बॅटरी कुठाय?" चेअरमन ओरडले.

आमच्या केंद्रात हा प्रश्न इतक्यांदा विचारला गेला होता, पण असा कधी नाही. मेस्त्री भिंतीपासून पुढं आले. खिशात हात घातला, बॅटरी काढली, वर धरली.

"हितं हाय साहेब. पाव्हण्यांचा हात बाजूला झाला, आता देतो."

"चोर!" चेअरमन म्हणाले. "संस्थेची वस्तू खिशात घालतोस? चोर!"

अकरा वाजून दहा मिनिटं.

मला आजही पटत नाही ती गोष्ट अशी. मेस्त्रींनी बॅटरी काढली नसती, तर त्या दिवशी पाहुण्यांचा अंगठा मखमलीवर पडला असता, आणि मेस्त्री शहाणे ठरले असते. ‘मेस्त्री सांगत होते हो,’ असं सगळ्यांनी म्हटलं असतं. अंगठा जागेवर राहिला, म्हणून ते चोर. आपल्याकडं अपघात टाळणाऱ्याला पुरावाच नसतो. बोट तुटल्याशिवाय साक्षीदार मिळत नाही. आणि त्याच शाबूत अंगठ्यानं पेन धरून पाहुण्यांनी केंद्राच्या वहीत शेरा मारला: ‘कर्मचाऱ्यांत शिस्तीचा अभाव.’

आता पट्टी पालथी करते.

चार दिवसांनी क्लार्क आमच्या तुकडीकडं आला. हातात कोरा कागद. "तुम्ही सगळ्यांनी एक अर्ज द्यायचाय. मेस्त्रींच्या वागण्याबद्दल. साहेबांनी सांगितलंय." मग आवाज खाली. "सर्टिफिकिटावर सह्या व्हायच्यात अजून. बघा बाबा."

"लिवणार कोण?" कुणीतरी म्हणालं, आणि तेरा जणांनी माझ्याकडं बघितलं. पत्रकवाली मीच होते.

मी लिहिला. ‘आम्ही खाली सह्या करणारे प्रशिक्षणार्थी नमूद करतो की, सदर मेस्त्री केंद्राची बॅटरी वारंवार स्वतःच्या खिशात ठेवत असत. पहिले सहा दिवस त्यांनी आम्हास मशीन वापरू दिले नाही. पूजेच्या दोऱ्यास त्यांनी चाकू लावला, हे आम्ही पाहिले.’ यातलं एकही वाक्य खोटं नाही. तपासून बघा. आकडा शून्यावर आहे. मी दोन वर्षं अन्यायाविरुद्ध लिहायला शिकले होते, आणि पहिला अन्याय केला तो त्याच शिक्षणाच्या जोरावर, एकही खाडाखोड न करता. चौदा सह्या झाल्या. पहिली माझी.

मेस्त्रींना काढलं. हंगाम संपला, असं कळवलं.

शेवटच्या दिवशी ते स्टँडकडं जाताना मी लांबून बघितलं. खांद्याला पिशवी, काखेत बनियनमध्ये गुंडाळलेला गुण्या. ते ताठ, सरळ चालत होते. मला कुणीतरी मशीन चालू सोडल्यासारखं वाटलं.

मला सर्टिफिकेट मिळालं. त्याला चौकट करायची इच्छा झाली नाही.

गेल्या महिन्यात मी शिरोळला त्यांच्याकडं गेले. घरापुढच्या पत्र्याखाली ते दाराची चौकट करत होते, हातकरवतीनं. मला बघून त्यांनी स्टूल पुढं सरकवलं. चहा आला. मी सांगायला तोंड उघडलं तर तेच म्हणाले, "अर्ज वाचला मी. क्लार्कानं दाकवला. चांगला लिवलाईस. पॉइंटाला धरून."

"मेस्त्री, मी चुकलो."

"व्हय." त्यांनी एवढंच म्हटलं. नाही म्हणाले नाहीत, असू दे म्हणाले नाहीत. करवतीचे दोन हात मारले, थांबले. "नवी पोरं आली काय?"

"पुढच्या महिन्यात नवीन तुकडी. चेअरमनचा भाचा शिकवणार हाय. सर्टिफिकेटवाला."

"दोरा कापला काय?"

मी मान हलवली. उलट झालं होतं. चाकू लागून दोरा विटाळला म्हणून शांती करून नवा, दुप्पट जाड दोरा बांधला होता. गार्ड अजून वरच. मशीन आता ओट्यावर आहे, पण बोल्ट सापडले नाहीत म्हणून नुसतंच ठेवलंय. बॅटरी कायम आत. भाचेसाहेबांचं म्हणणं, काढघाल केल्यानं खराब होते.

मेस्त्रींच्या हातातली करवत थांबली. त्यांना नोकरीबद्दल विचारायचं नव्हतं. चोर शब्दाबद्दलही नाही. त्यांनी बोटं मोजली. स्वतःची नाही. "चौदा पोरं म्हंजे एकशे चाळीस," ते म्हणाले. "आन त्येंना कुनी सांगितल्यालं न्हाय."

मी चेअरमनना दोन पत्रं दिली. दुसऱ्या पत्रासोबत, आधीचा अर्ज मी लिहिला होता आणि तो मागं घेते, असंही लिहून दिलं. क्लार्क म्हणाला, "आवक नोंद झाली." तेरा जणांना भेटले. चौघांनी नव्या पत्रावर सही केली, बाकीच्यांना आत्ता वेळ नाही. सगळ्यांची बोटं दहा आहेत, सह्या मात्र पाचच झाल्या.

म्हणून आता तुम्हाला सांगते. तुम्ही पेठेतले असाल, आसपासचे असाल, तुमचं पोरगं, पोरगी, पुतण्या, भाची कुणी त्या तुकडीत असेल किंवा नसेल, येत्या सोमवारी, नवी तुकडी सुरू होते त्या दिवशी, सकाळी दहाच्या आत केंद्रात या. दार उघडं असतं. परवानगी मागू नका, मागितली की समिती नेमतात. सरळ मशीनपाशी जा आणि मोठ्यानं विचारा, बॅटरी कुठाय? ती मशीनमध्येच असेल. ती काढा, खिशात घाला. ती खिशात गेल्यावरच दोरा कापा, त्याआधी नाही. कुणी विचारलं कधी परत देणार, तर सांगा, मेस्त्रींच्या हातात देणार, शिरोळला जाऊन त्यांना मानानं घेऊन या. चोर म्हणतील. म्हणू देत. घड्याळात वेळ बघून ठेवा.

आणि हॉलमधून सगळ्यांच्या देखत बाहेर या, डावीकडं कलून.